टँकचं पाणी दुधाळ झालं अन् कोरल मिटून बसले, काय करावं?

हिंगणघाट_रीफ
नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यात खेड्यावर राहतो, घरी 3 फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, 180 लिटरच्या आसपास, सम्प (खालची फिल्टरची टाकी) नाही, कॅनिस्टर (बंद डब्ब्याचा) फिल्टर अन् वरून टांगायचा छोटा स्किमर (फेसातून घाण काढणारा). दोन क्लाउन मासे, अन् कोरल म्हणजे झोआ, मशरूम अन् एक टोडस्टूल लेदर, सगळे सॉफ्ट (नरम). परवा रात्री वादळ आलं अन् लाईन गेली ते दुसऱ्या दिवशी दुपारी आली, इन्व्हर्टर तर मध्यरात्रीच बसला. लाईन आल्यावर फिल्टर आपोआप सुरू झाला अन् संध्याकाळपासून पाणी पांढुरकं होऊन राह्यलं, आज तर मागचा दगड दिसत नाही. झोआ एकूणएक बंद, लेदर वाकून पडला, त्याच्यावर मेणासारखा पापुद्रा आला. मासे सकाळी वर येऊन तोंड मारत होते. रीडिंग: तापमान दुपारी 31.5, सॅलिनिटी (खारटपणा) 1.029, अमोनिया 0.5, नायट्रेट 20, केएच (पाण्यातलं कार्बोनेट) 8.5. दुकानवाले म्हणते पाणी साफ करायची बाटली टाका, निळी दवाई पण टाका. टाकू का? लवकर सांगा, जीव लागत नाही.

नागपूर_सॉल्टी
भाऊ काहीच टाकू नका आत्ता. निळी दवाई म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू, ती फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मारते, अन् ज्या दवाईत तांबं असते ती कोरल, गोगलगाय, झिंगे कोणालेच सोडत नाही.
पहिले हे पाहा की पांढरं नेमकं काय आहे. एका काचेच्या ग्लासात टँकचं पाणी घ्या, त्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर टाका अन् पाच मिनिटं ठेवा. पाणी नितळ झालं तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा साका आहे, म्हणजे बफर (केएच वाढवायची) नाहीतर कॅल्शियमची पावडर जास्त झाली. तसंच गढूळ राह्यलं तर बॅक्टेरिया फुगलेत. मासे वर येऊन राह्यले म्हणजे मला बॅक्टेरियाचाच संशय येते, कारण हे बॅक्टेरिया पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात, रात्री लाईट बंद असला की अजूनच. एअर पंप असेल तर आत्ता लावा, नसेल तर वेव्हमेकरचं (पाणी ढवळणाऱ्या पंपाचं) तोंड वर करा, पाण्याचा पृष्ठभाग चांगला खळखळला पायजे.
आणि कॅनिस्टर उघडून पाहा. वास कसा येते ते सांगा.

अकोल्याची_ताई
सॅलिनिटी 1.029 कडे पण लक्ष द्या दादा, 1.025-1.026 पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की उघड्या टँकमधून रोज भरपूर पाणी उडतं, मीठ मात्र आतच राहतं. टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) नेहमी गोड्या आरओ पाण्यानेच. पण एकदम खाली आणू नका, दिवसाला 0.001 च्या आसपास पुरे. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) असेल तर 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग मीठ) द्रावणावर तपासून घ्या, साध्या पाण्यावर शून्य दाखवलं म्हणून वरचं रीडिंग बरोबर असेलच असं नाही.
पाणी कुठलं वापरता? घरच्या आरओमध्ये बरेचदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा व्हॉल्व्ह असतो, तो पूर्ण बंद करा, मिनरल कार्ट्रिज असेल तर ते काढा, जमलं तर पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार ओढणारा फिल्टर) लावा. टीडीएस मीटरवर शून्याच्या जवळ आलं पाहिजे. आमच्या खारपाणपट्ट्यात लोक मला विचारतात की बोअर तसंही खारं आहे तर तेच वापरू का. अजिबात नाही, खारं आहे पण त्यातले क्षार समुद्राच्या प्रमाणात नसतात.
तापमानाला टेबल फॅन पाण्यावर तिरपा लावा, दोन-तीन डिग्री सहज उतरतं. त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि फॅनचा फायदा कमी होतो, खिडकी उघडी ठेवा. बर्फ थेट टाकू नका, बंद बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत ठेवा.

हिंगणघाट_रीफ
व्हिनेगर टाकून पाह्यलं, काहीच फरक नाही, तसंच पांढरं. कॅनिस्टर उघडला तर सडक्या अंड्यासारखा वास, स्पंज काळा पडला, आतल्या रिंगांवर (ज्यांच्यावर बॅक्टेरिया राहतात) बुळबुळ. एअर पंप लावला, मासे जरा खाली गेले. आता रिंगा नळाखाली धुवू का?

नागपूर_सॉल्टी
नळाखाली नको, क्लोरीनने उरलेसुरले पण मरतील. टँकचंच पाणी बादलीत काढा, त्यात हलक्या हाताने खळबळून घ्या अन् ते पाणी फेकून द्या. काळा स्पंज सरळ बदला. झालं असं की लाईन गेली की कॅनिस्टर बंद डब्बा होते, आतल्या बॅक्टेरियाले ऑक्सिजन मिळत नाही, ते मरते, सडते, अन् लाईन आल्यावर ती सगळी घाण पंप टँकमध्ये ढकलते. तिथून अमोनिया, तिथून हे पांढरं पाणी.
आज 30 टक्के पाणी बदला, नवं पाणी 1.025 चं ठेवा, म्हणजे टँक 1.028 च्या जवळ येईल. मीठ उन्हात तापलेल्या छतावरच्या टाकीच्या पाण्यात कालवू नका, गरम पाण्यात साका बसते, घरात थंड होऊ द्या मग कालवा. बादली फवारणीची, खताची नको, वेगळीच ठेवा. उद्या अमोनिया परत मोजा, 0.25 च्या वर असला तर परत बदला. चारा बंद. स्किमर चालू, फिल्टरमध्ये नवा कार्बन (कोळसा) टाका. लाईट अर्ध्यावर, कारण पाणी साफ झालं की मिटलेल्या कोरलवर एकदम पूर्ण उजेड पडते अन् तो त्याले सोसत नाही. मागच्या दगडामागे मेलेली गोगलगाय आहे का तेही हुडका.
लेदरचा पापुद्रा पाहून घाबरू नका, तो तसा कात टाकत राहते, प्रवाह लागला की निघून जाते. कोरल नरम होऊन गळत असेल अन् वास मारत असेल तरच काढा.

चंद्रपूर_कोळसा
सहमत. यापुढे लाईन गेली की सगळ्यात आधी कॅनिस्टरचा विचार करा, जास्त वेळ बंद राहिला तर उघडून रिंगा टँकमध्ये ओता, तिथे हवा तरी मिळते. बॅटरीवर चालणारा एअर पंप नक्की घ्या, लाईन गेली की आपोआप सुरू होणारा मिळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हे होणारच आहे.

हिंगणघाट_रीफ
खूप आभार सगळ्यांचे. पाणी बदललं, रिंगा टँकच्या पाण्यातच धुतल्या, एक मेलेली गोगलगाय खरंच निघाली. अजून एक विचारतो, दुकानवाले हॅमर कोरल स्वस्तात देऊन राह्यले, हे सगळं निवळल्यावर घेऊ का?

चंद्रपूर_कोळसा
हॅमर कडक (दगडी सांगाड्याचा) कोरल आहे भाऊ. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपल्या समुद्रातले सगळे कडक कोरल अनुसूची 1 मध्ये आहेत, वाघाच्याच यादीत. बाहेरदेशातून आणला असं म्हणत असेल तर कागद मागा, कागद नसेल तर हात लावू नका. अन् केएच, कॅल्शियम स्थिर ठेवल्याशिवाय तो तसाही टिकत नाही. आधी झोआ उघडू द्या, उद्या सकाळचं अमोनिया इथंच टाका.