'सौभद्र'मधला अर्जुन: तयारी कशी करू?

नवखा_गडी: हौशी संस्थेच्या 'संगीत सौभद्र'मध्ये अर्जुन करायचाय. गाणं थोडं शिकलोय, अभिनय पहिल्यांदाच. गद्यातून पदात जाताना तुटल्यासारखं होतं. काय करू?

पडद्यामागे: बहुतेक वेळा शेवटचं वाक्य खाली पडतं आणि मग सूर शोधायला थांबावं लागतं. शेवटचे चार-पाच शब्द षड्जाजवळ, म्हणजे पदाच्या 'सा'जवळ, आणून बोला. ऑर्गनवाल्यांशी संकेताचा शब्द ठरवा, त्या शब्दावर ते हलकेच सूर धरतील. पट्टी, म्हणजे तुमचा 'सा' कुठला ते, तालमीच्या पहिल्याच आठवड्यात पक्की करा, नंतर बदलली की बोलण्याचा सूरही बिघडतो. आणि पदं आधी चाल न लावता, अन्वय लावून (शब्द गद्याच्या क्रमाने जुळवून), समोरच्याशी बोलल्यासारखी म्हणा. साकी-दिंडी या साध्या चालीच्या रचना कथा पुढे नेतात, तिथे ताना नकोतच! अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या 1882च्या नाटकात गाणं हाच संवाद आहे.

रंगपीठ: संन्यासी झालेला अर्जुन हा खरा कसोटीचा भाग. हा संन्यासी अर्जुनच आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असतं, सुभद्रेला नाही. नवे नट प्रेक्षकांकडे सूचक पाहतात, त्याने गंमत मरते. यतीचं सोंग मनापासून करा. ओढ फक्त ती दुसरीकडे पाहत असताना दिसू द्या.

पडद्यामागे: खरंय. शेवटच्या दहा तालमी धोतर, शेला, मुकुट घालून करा. मुकुट जड असला की मान ताठते आणि वरचे सूर दाबले जातात.

नवखा_गडी: दाढीचं काय?

रंगपीठ: ओठांजवळ डिंक कमी लावा, जबडा पूर्ण उघडून पाहा.