कर्कचा अंगरखा सोनेरी की हिरवा?

प्रेषक: वेशभूषा समिती, सध्या मुक्काम ठाणे
विषय: गणवेशाचं कापड मिळालं, आणि शेवटच्या भागाचा एक अंदाज

नमस्कार मंडळी,

गणपतीतल्या मुलांच्या कार्यक्रमासाठी 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळमालिकेचे गणवेश इथून शिवून आणायचं कबूल केलं होतं, त्याला काल मुहूर्त लागला. ८ सप्टेंबर १९६६ ला पहिला भाग दाखवला गेला, म्हणजे यंदा साठ वर्षं होतात. गणवेश मूळ मालिकेचेच हवेत हे आपलं ठरलेलं आहे.

भर दुपारी जांभळी नाक्यावरच्या एका दुकानात सोनेरी मखमल मागितली. दुकानदाराने तीन थानं उलगडली, तिन्ही लग्नाच्या शालूसारखी झळझळीत. मालिकेतल्या अंतराळजहाजाचा कॅप्टन कर्क असा झळकत नाही. खालच्या फळीवर शेवाळी रंगाचं एक थान होतं. ते बाजूला सारताना हाताखाली त्याची लव उलटी फिरली आणि ट्यूबलाइटच्या उजेडात कापडावर पिवळी झाक आली. मी ते पायरीवर उन्हात नेलं, तर हिरवं. आत आणलं, तर पुन्हा पिवळसर. तीनदा आतबाहेर केलं. दुकानदार म्हणाला, "ताई, रंग तोच आहे, उजेड बदलतोय."

अगदी हेच १९६६ मध्ये झालं होतं! वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी कॅप्टनच्या अंगरख्यासाठी घेतलेलं वेलूर, म्हणजे मखमलीसारखं लवदार कापड, हिरवटच होतं. स्टुडिओतल्या दिव्यांखाली, फिल्मवर, ते सोनेरी उतरलं. कर्कचा तो पुढून गुंडाळून बांधलेला हिरवा अंगरखा आठवा. रंग त्याच कुळातला, पण कापड वेगळं, म्हणून तो पडद्यावर हिरवाच राहिला. इतकी वर्षं हे नुसतं वाचलेलं होतं, काल डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हापासून डोक्यात 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्‌स'चा, म्हणजे कर्क कॅप्टन होण्याआधीची गोष्ट सांगणाऱ्या नव्या मालिकेचा, शेवट घोळतोय. पाचवा सीझन शेवटचा आणि त्याचे सहाच भाग. चित्रीकरण कॅनडातल्या आपल्या मिसिसागातलं, त्यामुळे मंडळात यावर किती बोलणं होतं ते सांगायला नको. माझा अंदाज असा: शेवटच्या भागात आधीचा कॅप्टन पाईक जहाज कर्कच्या हाती देईल आणि कर्क जो अंगरखा घालून खुर्चीत बसेल त्याच्या सोनेरीत हिरवी झाक असेल. नव्या मालिकेच्या वेशभूषाकार बर्नाडेट क्रॉफ्ट यांनी सोनेरी रंग पहिल्यापासून स्वच्छ ठेवलाय, खांद्यावर बारीक चिन्हांची छपाई केलीय. पण ही मालिका कापडातून गोष्ट सांगते. पहिल्या सीझनच्या शेवटी म्हातारा पाईक गर्द लाल गणवेशात येतो तेव्हा त्याने तोंड उघडण्याआधीच कळतं की हा किती पुढच्या काळातून आलाय.

पाईकला पुढे खुर्चीला खिळवणारा अपघात मात्र दाखवू नये असं माझं मत आहे. पाईकचं काय होणार हे मूळ मालिकेतल्या 'द मेनॅजरी' या भागाने १९६६ मध्येच दाखवलंय, आणि बोरेथ ग्रहावरच्या मठात त्याने स्वतःही भविष्यात डोकावून ते पाहिलंय. गोष्ट सुपूर्त करण्याच्या क्षणी थांबावी.

तुमची मतं कळवा. सोबत मापंही.

---

प्रेषक: नौपाड्याचे काका
विषय: पुन्हा: गणवेशाचं कापड मिळालं

अगं, जांभळी नाका वाचलं आणि मन थेट तिकडे गेलं.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात आम्ही पोरं आंघोळी उरकून बसायचो. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. त्यामुळे तुझा सोनेरी-हिरव्याचा वाद आमच्या वाट्याला आलाच नाही. कर्क, स्पॉक, स्कॉटी, सगळे करडे, कुणी जरा गडद, कुणी जरा फिका. हुद्दा आम्ही बाहीवरून ओळखायचो. कॅप्टनला दोन सलग पट्ट्या आणि मध्ये एक तुटक. स्पॉकला दोन सलग. स्कॉटीला एक सलग, एक तुटक. माझ्या आईने जुन्या साडीची जर उसवून माझ्या शाळेच्या शर्टाला कर्कच्या पट्ट्या लावून दिल्या होत्या, आणि तुटक पट्टीसाठी ती दर बोटभर टाका सोडत गेली होती. म्हणून सांगतो, रंग थोडा इकडेतिकडे झाला तर चालेल, बाही चुकवू नकोस.

आता शेवटाबद्दल. तुझं अर्धं पटतं. अपघात नको, पण नुसती खुर्ची सोपवणं मला पुरणार नाही. पाईकचं मोठेपण कशात आहे? तो पुढे ज्या मुलांना वाचवणार आहे त्यांची नावं त्याने पाठ करून ठेवलीत. आणि त्या अपघातात जो वाचणार नाही तो माट, लहान मुलगा असताना, पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. त्या मुलाच्या डोळ्यांत पाहणाऱ्या पाईकचा चेहरा मी विसरू शकत नाही. माझा अंदाज लिहून ठेव: शेवटच्या भागात माट कॅडेटच्या नव्या कोऱ्या गणवेशात येईल आणि पाईक त्याची कॉलर सारखी करेल. तो क्षण पाहिल्यावर १९६६ च्या भागातली अपघातानंतरची पाईकची ती खुर्ची आणि तिच्यावरचा 'हो'साठी एकदा, 'नाही'साठी दोनदा लागणारा दिवा वेगळाच दिसायला लागेल.

---

प्रेषक: युवा गट
विषय: पुन्हा: पुन्हा: गणवेशाचं कापड मिळालं

काका, माटचं वाचून अंगावर काटा आला. हे व्हायलाच हवं.

ताई, तुझ्या अंदाजात एक अडचण आहे. कर्कने जहाज घेतल्यानंतरचा सगळ्यात आधी चित्रित झालेला भाग, म्हणजे मालिकेचा दुसरा नमुना-भाग (पायलट), त्यात लाल गणवेश नाहीतच. आणि मूळ मालिकेच्या अगदी सुरुवातीच्या दोन भागांत जहाजावरची संदेश-अधिकारी उहुरा चक्क सोनेरी घालते, लाल नंतर आला. इकडे नव्या मालिकेत ती २०२२ पासून लालच घालतेय. मग कर्कच्या पहिल्या दिवशी तिच्या अंगावर काय? मला वाटतं लालच ठेवतील आणि तो प्रश्न सोडून देतील. पण एखाद्या प्रसंगात तिला काही दिवस दुसऱ्या विभागात काम दिलं आणि सोनेरी चढवलं, तर मी जागेवरून उठून टाळ्या वाजवेन.

मला मात्र खरी काळजी नव्या मालिकेतल्या सुरक्षाप्रमुख लाआनची आहे. मूळ मालिकेत ती कुठेच नाही. तिला मारू नका, बदली करा, एवढंच मागणं आहे.

आमच्याकडे सात मुलं आहेत. सर्वांत धाकटीला उहुरा व्हायचंय आणि ती म्हणते लालच.

---

प्रेषक: वेशभूषा समिती, सध्या मुक्काम ठाणे
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: मापं पाठवा

काका, तुमचा शेवट माझ्यापेक्षा चांगला आहे. मी कर्कच्या अंगरख्याकडे बघत बसले होते. कोण काय घालून निघतो यापेक्षा कोण कुणाची कॉलर सारखी करतो हे मोठं. आता माटशिवायचा शेवट मला चालणार नाही. हिरव्या झाकेचा अंदाज मात्र मी सोडत नाही.

आज राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीतल्या मास्तरांकडे गेले होते. माझ्या लग्नातले ब्लाउज त्यांनीच शिवलेले. त्यांनी शेवाळी कापडावर तळवा फिरवला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि म्हणाले, सगळे तुकडे एकाच दिशेने बेतायचे, नाहीतर एक बाही हिरवी आणि एक पिवळी दिसेल. दुसरं, शिवायच्या आधी भिजवून घ्यायचं, कारण हे आटतं. मी त्यांना सांगितलं की पहिल्या दोन सीझनमध्ये वेलूर धुतल्यावर आटत होतं, म्हणून तिसऱ्या सीझनला नायलॉनच्या दुहेरी विणीचं कापड आणलं. मास्तर म्हणाले, "दोन वर्षं लागली होय त्यांना?" आणि बादली मागवली.

कापड आता आईच्या गॅलरीत वाळतंय. प्रत्येक मुलाची छाती, खांदा, उंची आणि बाहीची लांबी रविवारपर्यंत पाठवा. मापात दोन बोटं जास्त धरा, गणपतीपर्यंत मुलं वाढतात. धाकटीसाठी लाल कापड वेगळं घेतलंय. आणि काका, तुटक पट्टीत दर किती अंतरावर टाका सोडायचा ते लिहा, मास्तरांनी विचारलंय.