नदी गेली, आता पिशव्या सांभाळणाऱ्यांनी कुठे बसायचं? मॅजिक किंग्डमच्या नव्या विभागांविषयी

शेवंती:

फ्लोरिडात ऑर्लँडोला डिस्नेचं मॅजिक किंग्डम हे थीम पार्क आहे, तिथली 'लिबर्टी बेल' ही आगबोट ६ जुलै २०२५ ला शेवटची फिरली. ती ज्या पाण्यात फिरायची ती 'रिव्हर्स ऑफ अमेरिका' नदी आणि नदीतलं टॉम सॉयरचं बेटही त्याच दिवशी बंद झालं. १९७१ साली पार्क उघडलं तेव्हापासूनची ती नदी. तिच्या जागी 'कार्स' या अॅनिमेशनपटातल्या गाड्यांचं 'पिस्टन पीक नॅशनल पार्क' होतंय आणि बिग थंडर या रोलरकोस्टरच्या डोंगरापलीकडे डिस्नेच्या खलनायकांचा स्वतंत्र विभाग. दोन्हींची घोषणा ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. गाड्यांच्या विभागात डोंगरातल्या शर्यतीची एक मोठी राइड आणि लहान मुलांसाठी एक छोटी, खलनायकांकडे दोन मोठ्या राइड्स, एवढं अधिकृत. बाकी सगळे अंदाज बांधताहेत, तसा मीही बांधलाय. पण त्याआधी एक सांगायचंय.

२०२३ मध्ये आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे. ज्यांनी आईवडिलांना थीम पार्कात नेलंय त्यांना हे चित्र ठाऊक असेल: नातवंडं रांगेत, आईबाप रांगेत आणि आजी बाहेर बाकावर, मांडीवर चार पिशव्या आणि कोणाची तरी अर्धी प्यायलेली पाण्याची बाटली. दोन दिवस सासूबाईंनी हेच केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लिबर्टी बेलवर चढलो. फळीवरून सरळ चालत आत, पायरी नाही, पट्टा नाही, उंचीची अट नाही. मागचं मोठं लाल चाक फिरायला लागलं, पाण्याचे तुषार उडाले आणि वाफेची शिटी वाजली तेव्हा त्या दचकल्या नि मग हसल्या. माझा दोन वर्षांचा मुलगा त्यांच्या मांडीवर झोपून गेला. उतरताना त्या म्हणाल्या, "ही माझी राइड." घरी परतल्यावर शेजारणीला त्यांनी किल्ल्याबद्दल काही सांगितलं नाही, बोटीबद्दल सांगितलं.

म्हणून नव्या विभागांविषयी माझा पहिला प्रश्न कुठला खलनायक येणार हा नाहीच. पिशव्या सांभाळणाऱ्याला तिथे काय मिळणार, हा आहे. डिस्नेने दाखवलेल्या चित्रांत धबधबे आणि गरम पाण्याचे उसळते झरे दिसतात, पण पाणी फक्त बघायला राहील असा माझा अंदाज आहे. खलनायकांकडे 'स्लीपिंग ब्यूटी'तल्या मॅलेफिसेंटचा ड्रॅगन असणार याबद्दल मला शंका नाही. तुम्हाला काय वाटतं?

टॅम्पाकर:

तुमच्या सासूबाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मी असहमत आहे. आमच्याकडे वर्षाचा पास आहे, महिन्यातून एकदा तरी जातो. बेट दिवेलागणीला बंद व्हायचं. बोटीवर बसायला जागा नाही असं मी एकदाही पाहिलं नाही. पार्कातली सगळ्यात गर्दीची दुपार असली तरी त्या एवढ्या मोठ्या तुकड्यात मूठभर माणसं, आणि पलीकडे पीटर पॅनच्या रांगेत कडेवर पोर घेऊन तासभर उभे असलेले लोक. जमीन कोणासाठी वापरायची हा साधा प्रश्न आहे.

माझी मुलं ६ आणि ९ वर्षांची. टॉम सॉयर कोण हे त्यांना माहीत नाही. कुंपण रंगवायची गोष्ट मी सांगितली, धाकट्याने ऐकून घेतली आणि 'कार्स'मधल्या लायटनिंग मॅक्वीनबद्दल विचारायला लागला. कॅलिफोर्नियात 'कार्स'चीच 'रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स' ही राइड २०१२ ला सुरू झाली, आजही तिची रांग हटत नाही. ते फ्लोरिडाला इतकी वर्षं मिळालं नाही याचंच मला नवल वाटायचं. त्यात डिस्नेची स्पर्धक कंपनी युनिव्हर्सलने २२ मे २०२५ ला मॅजिक किंग्डमपासून अर्ध्या तासावर 'एपिक युनिव्हर्स' हे पार्क उघडलं. एका दमात पाच विभाग! शेजारी नवा वाडा उठला असताना आपण अंगणातलं तळं जपत बसायचं का? डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, असं खुद्द वॉल्ट डिस्ने म्हणाले होते. मी त्यांच्या बाजूने आहे.

नकाशेवाला:

माझं काम सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं, त्यामुळे या नदीकडे मी वेगळ्या डोळ्यांनी बघायचो. अंदाज बांधताना तिथली जमीन कशी आहे हे विसरू नका, म्हणून लिहितोय.

फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं. म्हणून पार्कासमोरचा 'सेव्हन सीज लगून' तलाव खोदताना निघालेली माती इथे भरावाला वापरली. आपण ज्याला रस्ता समजून चालतो तो खरं तर वरचा मजला आहे. कर्मचाऱ्यांचे बोगदे मूळ जमिनीच्या पातळीवर आहेत. 'हाँटेड मॅन्शन' या भुतांच्या वाड्यातली लांबत जाणारी खोली आठवा. कॅलिफोर्नियात ती लिफ्ट आहे, माणसांना खरंच खाली नेते. फ्लोरिडात माणसं जागेवर उभी राहतात आणि छत वर जातं. तेव्हा 'लिटिल मरमेड'मधल्या अर्सुलाची गुहा जमिनीखाली उतरत जाईल वगैरे जी चित्रं लोक काढताहेत ती विसरा. इथे पाताळ दाखवायचं तरी ते जमिनीच्या वर बांधावं लागेल. माझा अंदाज असा की खलनायकांच्या विभागात उंच कडे असतील, राइड आधी चढेल आणि मग आतल्या आत उतरेल.

टॅम्पाकर, नदीचं काम फक्त माणसं फिरवायचं नव्हतं. एका बाजूला अठराव्या शतकातलं शहर, पलीकडे खाणकामगारांचा डोंगर. मध्ये पाणी होतं म्हणून दोन्ही एकमेकांच्या डोळ्यांत येत नव्हती. आता भुतांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर गाड्यांची शर्यत येणार. मधे दाट झाडी आणि उंचवटा करतील, तसं चित्रांत दिसतंच. पण झाडांनी दिसणं अडतं, आवाज तितका अडत नाही. पाण्यावरून येणारी शांतता झाडं लावून मिळत नाही, हे मी कामाच्या अनुभवावरून सांगतो.

आणि जमिनीचं म्हणाल तर डिस्नेकडे तिथे सुमारे २५ हजार एकर आहे. प्रश्न जागेचा नाही. पार्काभोवती आगगाडीच्या रुळांचं कडं आहे आणि त्या कड्याच्या आत मोकळं म्हणावं असं पाणीच तेवढं उरलं होतं.

प्रथमपुरुष:

इथे सगळे नदीवरच थांबलेत. खलनायकांबद्दल कोणी बोलणार आहे का?

मला तिथे खरा, वेगवान रोलरकोस्टर हवा. एपिक युनिव्हर्सच्या 'डार्क युनिव्हर्स'मध्ये फ्रँकेनस्टाइनची राइड बघून आलोय. ते महाकाय पुतळे अंगावर येतात तेव्हा मोठी माणसं किंचाळतात. डिस्नेने त्याला उत्तर म्हणून चार दिवे नि एक मिठाईचं दुकान ठेवलं तर काय उपयोग? माझा अंदाज: एक राइड 'हर्क्युलीस'मधल्या हेडीसची, अंधारातला कोस्टर, दुसरी मॅलेफिसेंटची, मोठ्या पडद्यांऐवजी खऱ्या हलत्या पुतळ्यांची. निदान तशी असावी.

आणि एक सावधगिरी. डिस्नेचं तिथलंच दुसरं पार्क अॅनिमल किंग्डम १९९८ ला उघडलं तेव्हा त्याच्या बोधचिन्हात ड्रॅगन होता, कारण काल्पनिक प्राण्यांचा एक विभाग ठरला होता. तो कधी बांधलाच नाही. त्या जागेवर अखेर २०१७ मध्ये 'अवतार' चित्रपटातलं 'पँडोरा' आलं. तेव्हा चित्रं बघून आत्ताच भांडू नका, जे दिसतंय त्यातलं निम्मं बदलू शकतं.

शेवंतीताई, तुमचा मुद्दा कळतो, पण शांत बसायचं असेल तर त्यासाठी एवढं महागडं तिकीट काढून कोणी जात नाही.

गुहागरी:

प्रथमपुरुष, भीतीबद्दल तुमच्याशी सहमत, पण कारण वेगळं आहे.

आमच्याकडे शिमग्याला संकासुर येतो. काळा अंगरखा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. लहानपणी घुंगरांचा आवाज ऐकला की मी पडवीतून थेट आजीच्या पदरात. तरी शिमगा जवळ आला की पहिला प्रश्न, "संकासुर कधी येणार?" तो पोरांच्या मागे धावतो, पण एक नेम आहे: आईच्या कडेवरच्या पोराला तो हात लावत नाही. नवस फेडायला लोक त्याच्यासमोर नारळ ठेवतात. दैत्य आहे आणि घरचाही आहे.

खलनायकांचा विभाग असा असावा असं मला वाटतं. राइडमध्ये बसूनच भीती वाटावी असं नको. खलनायक रस्त्यावर हिंडले पाहिजेत, तुमच्याशी बोलले पाहिजेत, पोराने आईच्या मागे लपून त्यांच्याकडे बघितलं पाहिजे. त्याला कोस्टर लागत नाही, कसलेले नट लागतात. आणि तो खेळ आजीलाही बघता येतो, बाकावर बसून, पिशव्यांसकट.

टॅम्पाकर:

गुहागरी, हे मान्य. नटांची कल्पना मला आवडली. पण फ्लोरिडाच्या जुलैतल्या उन्हात जाड पोशाख घालून तासनतास कोण हिंडणार? अर्ध्या अर्ध्या तासाने माणसं बदलावी लागतील. सावली, छत, गारवा हे आधी बांधायला हवं.

शेवंतीताई, तुम्ही पायरी नाही, पट्टा नाही म्हणालात. आगगाडी आहे की! पार्काभोवती फिरते, तीही वाफेवर. टुमारोलँड विभागात 'पीपलमूव्हर' ही सावकाश फिरणारी गाडी आहे. 'स्मॉल वर्ल्ड'ची होडी आहे. तिन्हींना उंचीची अट नाही. एका बोटीवर सगळं अडलेलं नव्हतं.

अनुजा_ठाणे:

मी ऑर्लँडोला गेलेली नाही, तरी लिहिते. आमचं थीम पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड, १९८९ सालचं. तिथे जायला खाडी ओलांडावी लागायची, बोटीने. शाळेची सहल, डब्यात बटाट्याची भाजी आणि पुऱ्या, बोटीच्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या बाई, नाकात खाडीचा वास. आतल्या पाळण्यांपैकी आता मला दोन-तीनच आठवतात. बोट मात्र सगळी आठवते. ते पार्क बंद झालं तेव्हा आमच्या वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांनी बोटीवरचेच फोटो टाकले, कारण त्या काळी कॅमेरा बोटीतच बाहेर निघायचा.

टॅम्पाकर म्हणतात मूठभर माणसं बसायची. बसू देत की. जी बसली त्यांनी काय नेलं तेही मोजा.

टॅम्पाकर:

अनुजाताई, फोटोंचं वाचून बरं वाटलं. पण आठवण कशाची राहते हे आधी ठरवता येत नाही. आज जी मुलं पिस्टन पीकच्या चिखलातून गाडी उडवतील ती २०५० मध्ये तिच्याबद्दल असंच लिहितील. त्यांना ती संधी द्यायला कुठली तरी जुनी जागा मोकळी करावीच लागते. आणि नदी जगातून गेलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९५५ ची मूळ नदी आहे, 'मार्क ट्वेन' बोट आहे.

नकाशेवाला:

त्या नदीचंही ऐका. 'स्टार वॉर्स'च्या विभागासाठी ती २०१६ मध्ये बंद केली, लांबी कमी केली, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात नवे कडे आणि धबधबे घालून परत सुरू केली. नवा विभागही झाला आणि बोटही राहिली. म्हणजे दोन्ही जमवता येतं, फ्लोरिडात ठरवलं नाही एवढंच.

शेवंती:

टॅम्पाकर, आगगाडी आहे हे खरं, आम्ही बसलोही. पण गाडी पार्काच्या पाठीमागून जाते, बराच वेळ झाडंच. बोटीवरून पार्क समोर दिसायचं: बिग थंडरवरून ओरडत खाली येणारी माणसं, त्यात आपला नातू आहे का हे शोधायला डोळ्यांवर हात धरून उभ्या राहिलेल्या सासूबाई. पीपलमूव्हरला सरकत्या पट्ट्यावर पाय टाकावा लागतो, तिथे त्या घाबरल्या. होडीत खाली उतरून बसावं लागतं, तिथे गुडघा अडला.

नदी परत द्या असं मी म्हणत नाही, ती गेली. लहान मुलांसाठी जी छोटी राइड होणार आहे तिच्याबद्दल म्हणतेय. रेडिएटर स्प्रिंग्जला ४० इंचांची अट आहे, मोठ्या राइडला इथेही काही तरी असेलच. मग छोटी राइड म्हणजे रेंजरची उघडी बस का असू नये? सावकाश चालणारी, सपाट चढण्याची, शर्यतीच्या रस्त्याशेजारून जाणारी, आजी एका बाजूला आणि दोन वर्षांचं पोर दुसऱ्या बाजूला. नकाशेवाला, जमेल?

नकाशेवाला:

जमेल. फलाट आणि गाडीचा तळ एका पातळीत ठेवायचा, गाडी पूर्ण थांबवायची, चाकाच्या खुर्चीला जागा सोडायची. अडचण एकच. थांबलेली गाडी म्हणजे तासाला कमी माणसं. टॅम्पाकर म्हणतात ते गणित तिथेच आडवं येणार.

टॅम्पाकर:

येणारच. मी आधीच सांगतो, तेवढ्या जागेत शर्यतीचा दुसरा रस्ता बसत असेल तर मी दुसरा रस्ता मागेन. माझी दोन्ही पोरं रांगेत उभी असतात.

शेवंती:

मागा, तुमचा हक्क आहे. मीही पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या पत्त्यावर बसबद्दल लिहिलंय. सासूबाईंनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं. शेवटी त्यांनी स्वतःहून एक ओळ घालायला लावली: बसला शिटी असावी, वाफेची.