फोनवर येणाऱ्या 'व्हायरस'च्या सूचना, पीक विम्याच्या लिंका आणि झेरॉक्सच्या दुकानात उघडं राहिलेलं व्हॉट्सॲप (सोसायटी ग्रुप, औसा रोड, लातूर)

कुलकर्णी काकू, बी-204: नमस्कार. कालपासून मोबाईलवर सारख्या सूचना यायल्यात. "तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला, लगेच साफ करा." पुसलं की पाच मिनिटांत परत हजर. बँकेचं सगळं याच फोनवर आहे, म्हणून काळजी वाटायली. काय करावं?

देशमुख काका, डी-201: एखादं क्लीनर ॲप टाका, सगळं साफ करून देतं. नाहीच जमलं तर फॅक्टरी रिसेट.

शिंदे सर, ए-302: काका, दोन्ही नको. बरीचशी क्लीनर ॲप स्वतःच जाहिराती दाखवतात, आणि रिसेट केला तर फोटो-नंबर जायचे. आधी सूचना कुठून येते ते बघू. काकू, सूचनेवर टॅप करू नका. बोट दोन सेकंद दाबून धरा. ती कोणत्या ॲपची आहे ते दिसेल.

कुलकर्णी काकू, बी-204: क्रोम असं दिसायलंय. खाली कुठल्या तरी वेबसाइटचं नाव आहे, वाचताच येईना.

शिंदे सर, ए-302: मग हा व्हायरस नाही. त्या वेबसाइटला तुमच्या फोनवर सूचना पाठवायची परवानगी मिळालेली आहे, तिचा वापर करून ती जाहिराती पाठवायली. परवानगी काढली की बंद.

क्रोम उघडा. उजवीकडे वर तीन ठिपके. सेटिंग्ज. खाली जाऊन साइट सेटिंग्ज. त्यात नोटिफिकेशन्स. तिथं परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव उघडून ब्लॉक करा. यादी लांबलचक असेल तर एकेक बघत बसू नका, वरचं नोटिफिकेशन्सचं मुख्य बटणच बंद करा. बँकेचे मेसेज, व्हॉट्सॲप, गॅसचं बुकिंग यांच्यावर काहीच परिणाम होत नाही, कारण ते क्रोममधून येत नाहीत.

नुसती हिस्ट्री किंवा कॅशे पुसून ही परवानगी जात नाही. लोक तिथंच फसतात, पुसतात आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

कुलकर्णी काकू, बी-204: सर, तेरा नावं निघाली! सगळी बंद केली. पण मी तर कुणाला परवानगी दिलीच नव्हती.

शिंदे सर, ए-302: दिली असं वाटतच नाही, तिथंच तर खोच आहे. एखादी बातमी, सिरियलचा भाग किंवा निकाल बघायला साइट उघडली की मधोमध चौकट येते, "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा." किंवा व्हिडिओच्या जागी नुसतं गोल फिरणारं चक्र आणि "पुढे बघण्यासाठी अलाऊ". रोबोट तपासणीत चित्रं निवडायला लावतात किंवा चौकटीत टिक करायला लावतात. तिथं ब्राउझरचं अलाऊ बटण कधीच लागत नाही. ब्राउझरच्या स्वतःच्या चौकटीत अलाऊ आणि ब्लॉक अशी दोन बटणं आली की समजायचं, परवानगी मागायलेत.

मुंडे भाऊ, सी-101: सरांचं बरोबर आहे, फक्त एक भर घालतो. दाबून धरल्यावर क्रोम न दिसता दुसरंच ॲप दिसलं, किंवा काहीही उघडलेलं नसताना पूर्ण स्क्रीनभर जाहिरात आली, तर तो प्रकार वेगळा. तिथं दोषी एखादं ॲप असतं. बहुतेक वेळा टॉर्च, वॉलपेपर, फोटो एडिटर असलं काहीतरी.

ते हुडकायला फोन सेफ मोडमध्ये चालू करा. पॉवर बटण दाबून "पॉवर ऑफ" आलं की त्यावर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये सेफ मोडचा पर्याय येतो. त्यात आपण टाकलेली ॲप चालत नाहीत. तिथं जाहिराती थांबल्या म्हणजे टाकलेल्यांपैकीच एक ॲप आहे. मग नेहमीसारखा फोन चालू करून सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, "डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स". या यादीत टॉर्चचं काय काम? बंद करा आणि ॲप काढा. रेडमी, विवो, सॅमसंग, प्रत्येकाचा रस्ता थोडा वेगळा असतो. सेटिंग्ज उघडून वरच्या शोध चौकटीत "डिस्प्ले ओव्हर" एवढं टाकलं तरी सापडतं.

लॉक स्क्रीनवर आपोआप बदलणारे फोटो आणि बातम्या येत असतील तर त्या कंपनीनंच दिलेल्या असतात. लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये बंद होतात. व्हायरस समजून घाबरू नका.

देशमुख काका, डी-201: ठीक, क्लीनरचं मागे घेतो. पण नुसत्या जाहिराती असतील तर एवढं काय बिघडतं?

जोशी ताई, बी-403: काका, जाहिरात पाहून काही बिघडत नाही, त्यावर टॅप केल्यावर बिघडतं. पुढच्या पानावर "हे ॲप टाका" म्हणून एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, उतरवतात. गावाकडच्या ग्रुपवर आरटीओ चलान, पीएम किसान, लग्नपत्रिका या नावानं फिरणाऱ्या एपीके याच जातीच्या. आत गेल्यावर एसएमएस वाचायची परवानगी मागतात. दिली की ओटीपी थेट त्यांच्याकडे.

फाइल व्हॉट्सॲपवर नुसती आली म्हणजे काही होत नाही. ती उघडून इन्स्टॉल दाबावं लागतं, आणि त्याआधी फोन विचारतो की व्हॉट्सॲपला बाहेरची ॲप टाकू द्यायची का. ते दार आजच लावून घ्या. स्पेशल ॲप ॲक्सेसमध्येच "इन्स्टॉल अननोन ॲप्स". व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोर बंद. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर हे एकदा कराच.

राठोड ताई, डी-402: आणि चुकून टाकलं गेलंच तर?

जोशी ताई, बी-403: आधी मोबाईल डेटा आणि वायफाय बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. नंबर गुगलवर शोधू नका, पासबुकवर किंवा कार्डाच्या मागे छापलेला घ्या. पैसे गेले असतील तर लगेच 1930, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तिथं यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात, ते समोर ठेवा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात आणि अडवणं अवघड होतं.

ॲप काढताना अनइन्स्टॉलचं बटण पुसट दिसलं तर त्यानं डिव्हाइस ॲडमिनचा अधिकार घेतलेला असतो. सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस ॲडमिन" शोधा, तिथली टिक काढा, मग निघतं. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, त्या फोनवरून नाही.

शेख भाई, सी-303: आमच्या गावाच्या ग्रुपवर "पीक विमा मंजूर यादी" म्हणून लिंक यायल्यात. खरी कोणती, खोटी कोणती, कसं ओळखावं? सगळ्यांवर सरकारी चिन्ह असतंच.

शिंदे सर, ए-302: भाई, चिन्ह कुणीही चिकटवू शकतं. पत्ता वाचा, आणि तो उजवीकडून वाचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा. तिच्या लगेच डावीकडे जे आहे तो खरा मालक. पीक विम्याचं सरकारी पोर्टल "पीएमएफबीवाय डॉट जीओव्ही डॉट इन". शेवट "डॉट जीओव्ही डॉट इन" असेल तर सरकारी. पण "पीएमएफबीवाय डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट टॉप" असं असेल तर मालक "अमुक डॉट टॉप", आधीचं सगळं सजावट. "जीओव्ही" आणि "इन" यांच्यामध्ये डॉटऐवजी आडवी रेघ असेल तरी खोटं.

मोबाईलवर पत्ता अर्धाच दिसतो. पत्त्याच्या पट्टीवर एकदा टॅप केलं की पूर्ण दिसतो.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. मधे कुणी वाचू शकत नाही एवढाच त्याचा अर्थ, समोरचा प्रामाणिक आहे असा नाही. खोट्या साइटलाही कुलूप मिळतं. क्रोमनं 2023 मध्ये ते चिन्ह बदललं ते याच गैरसमजामुळं.

जोशी ताई, बी-403: बँकांसाठी पण आता खूण आहे. रिझर्व्ह बँकेनं बँकांना "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर यायला सांगितलं, त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली होती. तो शेवट नोंदणीकृत बँकेलाच मिळतो. आणि एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर लागतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. "आज रात्री वीज तोडणार" असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर तो महावितरणचा नाही.

राठोड ताई, डी-402: माझा एक प्रश्न. मुलीच्या ॲडमिशनची कागदं ट्युशन एरियात झेरॉक्सला काढतो. दुकानदार म्हणतो व्हॉट्सॲप स्कॅन करा, सगळ्या प्रिंट एकदम देतो. हे बरं आहे का?

शिंदे सर, ए-302: ताई, हे नकोच. स्कॅन केलं की तुमचं अख्खं व्हॉट्सॲप त्या कॉम्प्युटरवर उघडतं, नुसती ती चार कागदं नाही. आणि दुकानातून निघालात म्हणून ते बंद होत नाही. तुमचा फोन बंद असला तरी तिकडं चालतं. मुख्य फोन 14 दिवस वापरलाच नाही तर ते आपोआप तुटतं. पण फोन आपण रोज वापरतो, म्हणजे ते चालूच राहणार.

ज्यांनी आजवर कधी दुकानात स्कॅन केलं असेल त्यांनी आत्ताच बघा. व्हॉट्सॲप, तीन ठिपके, लिंक्ड डिव्हाइसेस. तिथं "विंडोज" किंवा "गुगल क्रोम" असं नाव आणि शेवटचं कधी वापरलं ती वेळ दिसते. आपलं नसेल त्यावर टॅप करून लॉग आउट. आणि सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये सहा आकडी पिन लावून घ्या. ओटीपी कुणाच्या हाती लागला तरी पिनशिवाय तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू होत नाही. पिन लावताना ईमेल पण द्या, नाहीतर विसरलात तर तुम्हीच अडकाल.

सचिव, ए-104: तीन निघाले 😟 काढले.

मुंडे भाऊ, सी-101: प्रिंटसाठी दुकानाच्या नंबरवर फक्त तेवढीच फाइल पाठवा. तिथल्या कॉम्प्युटरवर डाउनलोड फोल्डरमध्ये ती उरते, निघण्याआधी समोर उभं राहून पुसायला सांगा. शिफ्ट धरून डिलीट दाबलं की रिसायकल बिनमध्ये पण राहत नाही. तिथं जीमेल उघडायचंच असेल तर क्रोममध्ये वरच्या गोल चित्रावर टॅप करून गेस्ट विंडो उघडा. बंद केली की लॉगिन आणि हिस्ट्री जाते. डाउनलोड केलेली फाइल मात्र गेस्टमध्ये काय, इनकॉग्निटोमध्ये काय, जात नाही. ती हातानंच पुसावी लागते.

आणि आधारची फाइल असेल तर मास्क्ड द्या.

राठोड ताई, डी-402: ते कसं काढायचं?

जोशी ताई, बी-403: "मायआधार डॉट यूआयडीएआय डॉट जीओव्ही डॉट इन". आधार नंबर आणि ओटीपीनं लॉगिन, डाउनलोड आधार, तिथं मास्क्डच्या चौकटीत टिक. फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. फाइलला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि लगेच जन्माचं वर्ष, मध्ये जागा नाही. आडनाव नाही, आधारवर जे पहिलं आहे ते. कुणाचं आडनाव आधी छापलेलं असेल तर आडनावाचीच चार अक्षरं लागतात, तिथं बरेच जण अडतात. फॉर्ममध्ये पूर्ण नंबरच मागितला असेल तर तो फॉर्ममध्ये भरा, पण झेरॉक्स मास्क्डची चालते का ते आधी विचारा.

शिंदे सर, ए-302: मुलांच्या लॅपटॉपसाठी एक. क्रोमवर पूर्वीचं यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन) आता चालत नाही, त्याचं लाइट रूप चालतं. फायरफॉक्सवर मूळचं चालतं, अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर सुद्धा. खोट्या डाउनलोड बटणांपैकी बरीचशी त्यानं दिसतच नाहीत, त्यामुळं अभ्यासाच्या पीडीएफ शोधणाऱ्या मुलांना मी तेच लावायला सांगेन. आणि ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोज 10 आहे त्यांनी लक्षात घ्या, त्याचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर वाढीव वर्षाची नोंदणी दिसते का ते बघा.

शेख भाई, सी-303: ताई, आधारचा अंगठा लॉक करता येतो म्हणतात. गावाकडं अब्बांचं करून द्यावं का? त्यांना राशनला अंगठा लागतो.

जोशी ताई, बी-403: करून द्या भाई, अंगठ्यावर पैसे काढण्याचे प्रकार त्यानं थांबतात. त्याच मायआधारच्या पानावर किंवा एमआधार ॲपमध्ये लॉक बायोमेट्रिक्स आहे. पण त्यांचा मोबाईल नंबर आधारला जोडलेला असायला पाहिजे आणि तो फोन गावात त्यांच्याजवळ पाहिजे, कारण राशनच्या दिवशी ओटीपी घेऊन थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं. न उघडता गेले तर मशीन अंगठा घेत नाही आणि दुकानदार म्हणतो रेषा झिजल्यात. नंबर जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रावर तेवढं करून घ्या.