ड्युएथलॉन : सायकलवरून उतरलो की पाय चालत नाहीत, मदत हवी आहे

गिरणाथडी
नमस्कार मंडळी. आमच्याकडे ड्युएथलॉन (आधी पळणं, मग सायकल, मग पुन्हा पळणं) आहे, नाव दिलंय, पैसे भरलेत. पहिलं पळणं मस्त होतं, सायकलही होते. पण उतरून पुन्हा पळायला लागलो की मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. रनिंगवाले मित्र म्हणतात अजून पळ, सायकलवाले म्हणतात अजून चालव. दोन्ही करून झालं. नेमकं काय करू? वेळ कमी आहे, लवकर सांगा.

तापीकाठ
अंतर किती? स्पर्धा कधी? सायकल कोणती? यातलं काहीच लिहिलेलं नाही. पाच किमी पळणं, वीस सायकल, अडीच पळणं ही स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराची झाली. दहा-चाळीस-पाच असेल तर तयारी पूर्ण वेगळी. आधी हे सांगा.

भुसावळ_फलाट
काय भो, साधी गोष्ट आहे. मीठ कमी पडतंय. टोपीवर पांढरे डाग पडतात का बघ. ओआरएस घे. फक्त एक लक्षात ठेव, २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. लोक तेच पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, मग मळमळतं आणि दोष ओआरएसला.

कार्बन_फ्रेम
बारीक टायरची रोडबाइक घ्या, क्लीटचे म्हणजे पेडलला अडकणारे बूट घ्या. जाड टायरच्या सायकलवर वीस किमी मारल्यावर पायात काय उरणार? मी बदलली आणि प्रश्न सुटला. सेकंडहँड चांगल्या मिळतात.

तापीकाठ
त्यांनी कोणती सायकल आहे हे सांगितलेलंच नाही, तुम्ही विकायलाही लावली! आणि स्पर्धेच्या तोंडावर क्लीट सुरू करायचे म्हणजे पहिल्या सिग्नलला आडवं पडायचं. नको.

साने_गल्ली
ज्यांना पोहायचंही आहे त्यांनी आधी तलावात न जाता टाकीत सराव करावा. उघड्या पाण्यात तळ दिसत नाही आणि माणूस घाबरतो. मेहरूणच्या तलावाकडे बघून बऱ्याच जणांना हुरूप येतो म्हणून सांगतोय.

गिरणाथडी
पोहणं ड्युएथलॉनमध्ये नसतं हो. माहिती देतो : ५-२०-२.५. पुढच्या महिन्यात, सकाळी सातला. सायकल एमटीबी म्हणजे जाड टायरची, २१ गिअरची. सीट अशी की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात. गिअर पुढे सगळ्यात मोठी चकती आणि मागे सगळ्यात छोटी, म्हणजे ताकद वाढते. टायरमध्ये हवा असते. खाणं नेहमीचं. आता सांगा.

भुसावळ_फलाट
खाणं नेहमीचं म्हणजे काय? आदल्या रात्री शेवभाजी हाणून सकाळी पळायचं नसतं. काळा मसाला आणि ती तर्री पळताना वर येते. त्यापेक्षा कळण्याची भाकरी, साधं वरण. सकाळी केळी. केळीच्या पट्ट्यात राहून लोक पॅकबंद जेल मागवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

चाळीसगाव_घाट
कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, स्पर्धेच्या आदल्या रात्री पोटाला जड. भात खा. केळी बरोबर आहे, मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. पण स्प्रिंटला दीड-दोन तास लागतात, सकाळचं एक केळं आणि सायकलवर चार घोट पाणी पुरे. जानेवारीत पहाटे आपल्याकडे पारा एक आकडी असतो, मीठ काय गळणार? गोळे मिठाने येतात हेच पक्कं नाही. थकलेला स्नायू, ज्याला त्या कामाची सवय नाही, तो आखडतो, असं मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत.

भुसावळ_फलाट
मग लोणच्याच्या पाण्याने गोळा सुटतो तो कशाने? मिठानेच ना?

चाळीसगाव_घाट
उलट तोच पुरावा आहे. ते पाणी अंगात मुरायच्या आतच गोळा सैल होतो, म्हणजे मीठ भरून निघाल्यामुळे नाही. घशातून नसांना इशारा जातो असं मानतात. आणि ते परदेशी व्हिनेगरचं लोणचं असतं. आपल्या कैरीच्या लोणच्याचा तेलकट खार पिऊन कुणी पळू नका.

तापीकाठ
मीठ-केळी बाजूला ठेवा. उत्तर त्यांच्या गिअरमध्ये आहे. मोठी चकती पुढे, छोटी मागे, म्हणजे पेडल मिनिटाला पन्नास-साठ वेळा फिरणार आणि प्रत्येक वेळी मांडीने ढकलायचं. वीस किमी जोर मारून उतरल्यावर त्याच मांडीने पळायचंय. गिरणाथडी, पुढची मधली चकती घ्या, मागे हलका गिअर, आणि पाय मिनिटाला ८५ ते ९० वेळा फिरले पाहिजेत. मोजायला यंत्र नको : उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. बावीसच्या आसपास आला की झालं. सुरुवातीला सीटवर उड्या माराल, वेगही कमी वाटेल. चालू ठेवा.
सीट वर करा. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली न्या, गुडघा सरळ झाला पाहिजे. दोन्ही पाय जमिनीला टेकणारी सीट बाजारात जायला ठीक, स्पर्धेला नाही.
आणि मुख्य : सायकल संपली की लगेच पळायचा सराव. अर्धा तास सायकल, ती भिंतीला लावायची, पाणी पीत उभं राहायचं नाही, दहा मिनिटं पळायचं. आठवड्यातून दोनदा. तुम्ही आजवर दोन्ही वेगवेगळ्या दिवशी करत असणार.

गिरणाथडी
हो, वेगवेगळ्या दिवशी. सकाळी सायकल जमत नाही, अंधार असतो, म्हणून संध्याकाळी.

पहाटेची_धाव
अंधारावरून बोलतेच. मी पारोळा रोडला सराव करते. कापसाने भरलेले ट्रॅक्टर येतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ट्रॉलीबाहेर दोन्हीकडे कापूस फुगलेला. अगदी जवळ आल्यावर दिसतात. कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले दिसले की समजायचं, हा ट्रॉल्यांचा रस्ता. मागे लाल दिवा लावल्याशिवाय निघू नका. आणि बाभळीचा काटा टायरमध्ये गेला की सराव संपला, म्हणून जादा ट्यूब हवीच. स्पर्धेतही.

साने_गल्ली
ट्रॅक्टरवाल्यांना पोलिसांनी अडवलं पाहिजे. साखर कारखान्यांच्या गाड्यांचं तेच.

कार्बन_फ्रेम
जाड खडबडीत टायर तरी बदला. गुळगुळीत टायर एमटीबीला बसतात, रोडबाइकपेक्षा खूप स्वस्त. हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. "हवा असते" म्हणजे काय?

तापीकाठ
हे मात्र पटलं.

चाळीसगाव_घाट
वारा पण बघा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत त्या काही उगाच नाहीत. समोरून वारा असला की जोर न लावता गिअर उतरवा, पाय फिरते ठेवा.

गिरणाथडी
सीट वर केली, मधल्या चकतीवर चालवून लगेच पळालो. गोळा आला नाही! पण धाप जास्त लागली, आणि सुरुवातीला पाय जडच होते. हे बरोबर आहे का? अजून एक, उतरल्यावर आधी हेल्मेट काढू की सायकल लावू? आयोजकांचा फोन लागत नाही.

तापीकाठ
बरोबर आहे. हलक्या गिअरवर मांडीचा भार कमी होतो आणि छातीवर येतो. छाती लवकर सावरते, मांडी नाही. उतरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं पावलं आखूड आणि भराभर टाका, लांब ढांगा नकोत. गोळा तिथेच येतो.
हेल्मेटचा नियम सगळीकडे एकच : सायकलला हात लावण्याआधी पट्टा लावायचा आणि सायकल स्टँडला परत लागल्यावरच सोडायचा. नाहीतर दंड होतो. चढायची-उतरायची रेघ आखलेली असते, तिच्या आत सायकल हाताने न्यायची. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत का तेही आजच बघा, उघडी नळी दिसली तर सायकल आत घेत नाहीत.

पहाटेची_धाव
इअरफोनही चालत नाहीत. छातीवरचा नंबर कमरेच्या पट्ट्याला लावा, सायकलवर मागे आणि पळताना पुढे फिरवता येतो. शिलाईच्या दुकानातलं रुंद इलॅस्टिक आणि दोन पिना पुरतात.

भुसावळ_फलाट
आणि ओआरएस?