पंधरा हजार क्युसेक म्हणजे गाडी काढायची का?

(पुण्यातल्या नदीकाठच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप)

सेक्रेटरी: खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात सुरू असलेला विसर्ग दुपारी 2 वाजता वाढवून 15,000 क्युसेक करण्यात येत आहे. पावसानुसार त्यात बदल संभवतो. सखल भागातील नागरिकांनी दक्षता घ्यावी. (आलंय तसं पुढे ढकलतोय.)

ए-103 काकू: पार्किंगमधून गाडी काढायची का?

सेक्रेटरी: तसं लिहिलेलं नाही, काकू.

ए-103 काकू: मग आपण सखल आहोत का?

सी-201: मेंटेनन्स बघता उंच आहोत.

बी-402: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. 25 जुलै 2024 ला नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग 35,000 च्या घरात होता. सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास शंभर टँकर! आणि मे महिन्यात एका टँकरसाठी आपण चार दिवस फोन करत बसतो.

सी-201: सूचना टँकरमध्येच द्या ना मग. पुणेकराला लगेच कळेल.

डी-504: उद्या शाळांना सुट्टी जाहीर झाली!! पत्र पाठवतेय.

बी-402: ताई, तारीख बघा. मागच्या वर्षीचं आहे.

डी-504: अरे देवा. पोरांना सांगून बसले.

सी-201: टीव्हीवर नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली. ही बातमी राहिली नाही आता, सण झालाय. पत्रकार गुडघाभर पाण्यात उभा राहून ‘पाण्यात जाऊ नका’ सांगतोय.

बी-402: आणि हवामान खात्याचं ‘घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी अतिवृष्टी’. तुरळक म्हणजे फार तर पाव पाऊस-मोजणी केंद्रांवर. तुमच्या गच्चीवर पडला तरी अंदाज बरोबर, नाही पडला तरी बरोबर. अलर्टचंही तेच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. आपल्याकडे रेड म्हणजे भजी.

डी-504: 2023 मध्ये सरकारी इशाऱ्याने मोबाइल एकदम कोकलला होता, आठवतंय? हातातलं दूध सांडलं माझं. वाचलं तर चाचणी आहे, दुर्लक्ष करा. एवढ्या जोरात दुर्लक्ष करायला कुणी सांगितलं नव्हतं.

बी-101 आजोबा: 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा मी आठवीत होतो. गल्लीतून एक माणूस ओरडत गेला, “पळा, धरण फुटलं!” आईने गॅसवरचं, चुकलो, शेगडीवरचं तसंच ठेवलं आणि आम्हाला घेऊन निघाली. क्युसेक कुणी विचारले नाहीत.

ए-103 काकू: बघा. आता कुणीतरी तसं एका वाक्यात सांगा.

सेक्रेटरी: काकू, अधिकृत नाही, माझं मत सांगतो. काढा गाडी.

ए-103 काकू: हे सकाळी सांगायला काय झालं होतं? काढते.

सी-201: काकू, तुमच्या मागे माझी आहे. चावी वॉचमनकडे.

सेक्रेटरी: वॉचमन नदी बघायला गेलाय.