‘शांत बसा, देव लढेल’ म्हणे! मग बोगदा कोणी खणला?

पाणक्या: काल इथे कोणीतरी बायबलचं स्तोत्र ४६, त्यातली ‘शांत बसा’ ही ओळ टाकून लिहिलं की यरुशलेमला वेढा पडला तेव्हा तिथल्या हिज्कीया राजाने नुसती प्रार्थना केली, देवदूताने एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मारले, तेव्हा तुम्हीही सगळं देवावर सोडा आणि शांत बसा. खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग! डोकंच फिरलं. अहो, इ.स.पू. ७०१ला अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून यायच्या आधी गीहोन झऱ्याचं पाणी शहराच्या आत घ्यायला ५३३ मीटर खडक फोडून बोगदा काढलाय. दोन्हीकडून खणत आले, तीन हात उरले तेव्हा पलीकडच्याची हाक ऐकू आली, असं आत भिंतीवरच कोरलेलं होतं. शिवाय सन्हेरीबला खंडणी द्यायला हिज्कीयानेच देवळाच्या दारांवरचं सोनं सोलून काढलं, ते कोण सांगणार?

सकाळची_ओवी: मलाच टोमणा आहे ना, नाव घ्या की. त्या कोरीव लेखात राजाचं नावच नाही, ते बघा आधी. आणि बायबलमधलाच यशया संदेष्ट्याचा अध्याय २२ वाचा, तिथे पाण्याची सोय करणाऱ्यांनाच झापलंय, की हौद बांधलात पण ज्याने हे घडवलं त्याच्याकडे बघितलं नाहीत. माझा नवरा ११ दिवस आयसीयूत होता, बाहेरच्या बाकड्यावर बसून मी कुठला बोगदा खणणार होते?

तिरका_बाण: यरुशलेम वाचलं हो, पण हिज्कीयाच्याच राज्यातलं लाखीश सन्हेरीबने घेतलं, त्याचं काय? लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ती शिल्पं आहेत, बैलगाडीत बोचक्यांवर बसलेल्या बायका-पोरं, गाव सोडून निघालेली. सन्हेरीब ४६ तटबंदीची गावं घेतली म्हणतो. ४६वं स्तोत्र म्हणताना तीही आठवा.

आजोबा_ऑनलाइन: देवदूत कसला, प्लेग होता तो! ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या गोष्टीत सन्हेरीबच्या छावणीत उंदीर शिरतात. १८९७च्या पुण्याच्या प्लेगचं माझी आजी सांगायची, आधी घरात उंदीर पडायचे, मग माणसं.

तिरका_बाण: आजोबा, ते उंदीर धनुष्याच्या दोऱ्या कुरतडत होते, म्हणजे चांगले धडधाकट! तेही इजिप्तच्या वेशीवर.

आजोबा_ऑनलाइन: कुरतडून मग मेले नसतील कशावरून? आमच्या वयाचा तरी मान ठेवा.

रेवदंडेकरीण: उंदीर पुरे आता. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे त्यातले. स्तोत्रातल्या ‘शांत बसा’च्या जागी मूळ हिब्रूत ‘हर्पू’ आहे. हात सैल सोडा, पुरे करा, असा अर्थ. आदल्याच ओळीत देव धनुष्य मोडतो, भाला तोडतो, म्हणजे हे लढणाऱ्यांना दटावणं आहे, मांडी घालून बसा असं नाही. बहीण इस्रायलमध्ये अश्दोदला असते. सायरन वाजला की आधी पोरांना ओढत ममादमध्ये, म्हणजे घरातल्या बॉम्बपासून वाचवणाऱ्या खोलीत नेते, लोखंडी खिडकी लावते, आणि मग तेहिलीम, म्हणजे हीच स्तोत्रं म्हणते. नंतर फोन करते, एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाचा मलिदा, आमचा नवसाचा प्रसाद, कर म्हणून. मी पोहे भिजवते, नारळ खवते. तिला विचारा खिडकीने वाचवलं की देवाने, चप्पल काढेल.

पाणक्या: @सकाळची_ओवी, आयसीयूचं माहीत नव्हतं. टोमणा मागे. पण ‘शांत बसा’ तुम्हीही मागे घ्या.

सकाळची_ओवी: घेतलं. उद्या ‘हात सैल सोडा’ टाकते, बघू किती जण हात जोडतात. आणि स्तोत्रातही हिज्कीयाचं नाव नाही, हेही सांगून टाकते, खूश?

आजोबा_ऑनलाइन: उंदरांचं उत्तर राहिलंय.